सायरनचे सूर आणि कशेडीचा घाट : कोणता आवाज वेळेवर पोचतो?

नुसत्या आवाजावरून गाडी ओळखणारी माणसे महामार्गालगतच्या गावांत हमखास भेटतात. मुंबई-गोवा महामार्गावर पोलादपूरहून कशेडीकडे निघाले की चोळई, धामणदेवी, भोगाव अशी गावे लागतात. तिथल्या टपरीवर बसलेला माणूस वळणाआडची गाडी दिसायच्या आधीच सांगतो : ही एकशेआठ, ही पोलिसांची, हा एमआयडीसीचा बंब. अलीकडे या कानाला मोबाइलची जोड मिळाली आहे. तरुण पोरे सायरन रेकॉर्ड करतात, दोन गाड्यांचे आवाज लागोपाठ लावून ऐकतात आणि कोणाचा सूर चढा, कोणाचा घाटात घुमतो यावर तावातावाने बोलतात. हा छंद पोरकट नाही. जगभर असे शौकीन आहेत, आणि त्यांच्या वादातला मूळ प्रश्न जिवाशी निगडित आहे : रस्ता मोकळा करून घ्यायला कोणता आवाज सर्वांत चांगला?

या प्रश्नाची आज काय स्थिती आहे, ते इथे मांडायचे आहे. कशेडीची वळणे आणि तिथला बोगदा समोर ठेवून ते केले तर वादातल्या बऱ्याच बाजू आपोआप तपासल्या जातात.

घंटा, भोंगा, सायरन

सायरन हे यंत्र मुळात आवाज मोजण्यासाठी आले. फ्रान्समध्ये कान्यार द ला तूर यांनी १८१९मध्ये भोके पाडलेली फिरती तबकडी वापरून हवेचा झोत तोडायचे यंत्र केले. तबकडी जितकी वेगाने फिरेल तितका सूर वर जातो. कारखान्यांचे भोंगे आणि युद्धकाळातले हवाई हल्ल्याचे इशारे याच तत्त्वाने फिरत्या यंत्रांतून वाजू लागले.

वाहनांवर मात्र आधी घंटा होती. मुंबईत आगीच्या बंबावर घंटा वाजवत जवान निघत. ती घंटा गेली तरी ‘बंब’ हा शब्द आपल्याकडे टिकला. पुढे मोटरवर फिरणारे सायरन आले आणि १९६०च्या दशकात अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक सायरन रुळला. आता बहुतेक रुग्णवाहिकांत डॅशबोर्डपाशी एक लहानसा डबा, त्यावर बटणे, बोलायला माइक आणि पुढच्या जाळीमागे किंवा टपावर कर्णा, एवढीच सामग्री असते. बटण फिरवले की सूर बदलतो. फेडरल सिग्नल या अमेरिकन कंपनीचा ‘क्यू-टू-बी’ हा फिरत्या चक्राचा सायरन मात्र तिथल्या अग्निशमन गाड्यांवर अजून दिसतो. शौकीन त्याला सर्वांत वरचे स्थान देतात. चक्र हळूहळू वेग घेते, सूर खालून वर चढतो, आणि बटण सोडल्यावरही तो लगेच मरत नाही. लोखंडाच्या वजनातून येणारा हा उतार इलेक्ट्रॉनिक डब्याला पुरता साधत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि ते खरे आहे.

आमच्या महाडला सायरनचे दुसरे रूपही ओळखीचे आहे. सावित्री नदीचे पाणी चढू लागले की पालिका भोंगा वाजवून लोकांना सावध करते. एका जागी उभा असलेला तो भोंगा सगळ्या गावासाठी असतो. धावत्या गाडीचा सायरन पुढच्या चार-सहा गाड्यांसाठी असतो, आणि त्यांना तो काही सेकंदांत समजावा लागतो. दोन्हींना एकच माप लावून चालत नाही.

नियम काय म्हणतात

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११९वा नियम एकापाठोपाठ वेगवेगळे सूर काढणाऱ्या, कर्कश हॉर्नला मनाई करतो. रुग्णवाहिका, अग्निशमन व बचावाची वाहने, कर्तव्यावरचे पोलीस, मोटार वाहन विभागाचे अधिकारी आणि बांधकामाची यंत्रे यांना त्यातून सूट आहे. सूट मिळालेल्या वाहनाने कोणता ध्वनिसंकेत वापरावा, याची मंजुरी त्या वाहनाची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाने द्यायची आहे. रस्त्यावर एका जातीच्या दोन गाड्या दोन सुरांत का ओरडतात, याचे एक कारण इथे सापडते.

ऐकणाऱ्यावरची जबाबदारी २०१९च्या दुरुस्तीने वाढली. मोटार वाहन कायद्याच्या १९४-ई कलमानुसार आपत्कालीन वाहनाला वाट न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघातानंतरच्या पहिल्या तासाला ‘गोल्डन अवर’ म्हणून कायद्यात स्थान मिळाले तेही याच दुरुस्तीत. १ मे २०१७पासून मान्यवरांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले. ताफ्यांतल्या सायरनचा प्रश्न मात्र तेव्हा सुटला नाही.

महाराष्ट्रात या विषयाला खरी व्याप्ती आली ती २०१४च्या जानेवारीत १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाल्यावर. ९३७ रुग्णवाहिका रस्त्यावर आल्या. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक सुविधांच्या होत्या आणि ७०४ प्राथमिक सुविधांच्या. मुंबई-गोवा महामार्गावर नाणीजच्या नरेंद्राचार्यजी महाराज संस्थानाच्या मोफत रुग्णवाहिकाही धावतात. त्यामुळे पोलादपूरच्या माणसाला दिवसात दोन-तीन तऱ्हांचे सायरन ऐकू येतात, आणि तुलना तिथूनच सुरू होते.

चार मते

पहिले मत चढउताराच्या सायरनचे. ‘वेल’ म्हणजे हळू चढणारा आणि हळू उतरणारा लांब सूर, मिनिटाला १० ते ३० फेऱ्यांचा. ‘येल्प’ हाच सूर घाईने काढतो, मिनिटाला १५० ते २५० फेऱ्या. स्वरांची व्याप्ती साधारण ५०० ते १८०० हर्ट्झ. या बाजूचे लोक म्हणतात की सतत सरकणारा सूर कशातच मिसळत नाही. इंजिनाच्या घरघरीत एक पट्टी बुडाली तरी दुसरी वर येते. मोकळ्या रस्त्यावर वेल आणि गर्दीच्या नाक्यावर येल्प, ही चालकांची सर्वसाधारण पद्धत याच अनुभवातून आलेली आहे.

दुसरे मत दोन सुरांचे, ‘हाय-लो’चे. पोरे ज्याला ‘पी-पो’ म्हणतात तो हा. जर्मनीत त्याला मार्टिनहॉर्न म्हणतात आणि तिथल्या मानकात दोन सुरांमधले अंतर ठरवून दिले आहे : १ ला १.३३३. आपल्या भाषेत सा आणि शुद्ध मध्यम. सूर ठरलेले असल्याने जर्मन माणसाला ते पाठ असतात, क्षणात ओळखू येतात आणि कानाला तेवढे टोचत नाहीत. हे मत मानणाऱ्यांचा मुद्दा आवाजाच्या जोरापेक्षा ओळखीचा आहे. सगळ्या देशाला एकच सूर दिला तर तो हळू वाजला तरी समजतो, असे ते म्हणतात. त्यावर आक्षेप असा की दोनच ठाम स्वरांना रस्त्यावरचा गोंगाट सहज झाकून टाकू शकतो.

तिसरे मत खर्जाचे. फेडरल सिग्नलच्या ‘रम्बलर’ने नेहमीच्या सायरनचा सूर दोन सप्तके खाली आणला आणि तो मूळ सायरनच्या जोडीने वाजवला. खालचे स्वर बंद काचांतून अधिक आत शिरतात, आसनाला आणि स्टिअरिंगला जाणवतात. न्यूयॉर्क पोलिसांनी ते वापरले. एसी लावून, गाणी लावून चाललेल्या मोटारीला जागे करण्यासाठी हा उपाय निघाला. रस्त्याकडेच्या घरांनाही तो तितकाच जाणवतो, अशी रहिवाशांची तक्रार आहे.

चौथे मत दिशेचे आहे, आणि मला ते फार महत्त्वाचे वाटते. आपला कान आवाजाची दिशा दोन खुणांवरून ठरवतो. खालच्या स्वरांत दोन कानांपर्यंत पोचण्यातला वेळेचा फरक उपयोगी पडतो, वरच्या स्वरांत डोक्याच्या आडोशाने पडणारा जोराचा फरक. मधल्या पट्ट्यात, साधारण १५०० ते ३००० हर्ट्झच्या दरम्यान, दोन्ही खुणा कच्च्या असतात. चढउताराच्या सायरनचा वरचा भाग नेमका या पट्ट्यात शिरतो. म्हणून सायरन ऐकू येतो, पण माणूस आरशात बघू की पुढे, या गोंधळात ब्रेक दाबतो. लीड्स विद्यापीठातील डेबोरा विदिंग्टन यांनी १९९०च्या दशकात यावर काम केले आणि सायरनमध्ये सर्व पट्ट्यांचा मिळून होणारा ‘फस्स’ असा गोंगाटी आवाज मिसळायला सुचवले. असा आवाज कुठून येतो ते कान चटकन सांगतो. त्याच कल्पनेवरचे मागे येण्याचे भोंगे आता काही अवजड वाहनांवर असतात. शौकिनांना मात्र हा आवाज रुचत नाही, कारण त्यात सूरच नाही.

आकाशवाणीची धून

भारतात या वादाला एक वेगळे वळण लागले ते २०२१च्या ऑक्टोबरमध्ये. नाशिकच्या कार्यक्रमात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी वाहनांच्या हॉर्नमध्ये बासरी, तबला, व्हायोलिन यांसारख्या वाद्यांचे आवाज असावेत आणि रुग्णवाहिका व पोलिसांच्या कर्कश सायरनऐवजी आकाशवाणीच्या सुरुवातीच्या धूनसारखे काही कानाला बरे वाटणारे असावे, असा विचार मांडला. ती धून वॉल्टर कॉफमन यांनी १९३६मध्ये बांधलेली, शिवरंजनीच्या सुरांची. पुढे २०२३मध्ये पुण्यात आणि २०२५मध्ये दिल्लीतही त्यांनी हा विषय पुन्हा काढला. नियमात तसा बदल झालेला नाही.

या कल्पनेच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. शहरात दवाखान्यांभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र असते. तिथल्या मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल. रुग्णवाहिकांचे सायरन सर्वांत जास्त तिथेच वाजतात. आतला रुग्ण घाबरतो, जवळचा नातेवाईक कासावीस होतो, रोज आठ-दहा तास त्या कर्ण्याखाली बसणाऱ्या चालकाचे कान झिजतात. सुरेल संकेत असावा ही मागणी या सगळ्यांच्या बाजूची आहे.

विरोधकांचा मुद्दाही तितकाच सरळ आहे. मानवी कान २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो आणि एकाएकी बदलणाऱ्या आवाजाकडे ओढला जातो. संथ सुरावट पार्श्वभूमीत विरते. त्यातून मोबाइलच्या रिंगटोन, मंदिरातले ध्वनिक्षेपक, एसटी आणि खासगी बसचे संगीतमय हॉर्न या सगळ्यांत एक धून आणखी मिसळेल आणि तिची निकड हरवेल. माझे मत असे की दोन्ही बाजू वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. एकीला आवाजाचा त्रास कमी करायचा आहे, दुसरीला त्याची ओळख टिकवायची आहे. वाद्य कोणते हा मुद्दा त्या मानाने दुय्यम ठरतो. ठरलेले सुरांचे अंतर, ठरलेली लय आणि सर्वत्र सारखेपणा यांमुळे ओळख टिकते. जर्मन सा-म हे त्याचे चालते उदाहरण आहे.

घाटात आणि बोगद्यात

आता कशेडीकडे. वरची जवळपास सगळी चर्चा शहरी चौकांच्या अनुभवावर उभी आहे. घाटाचे गणित निराळे आहे.

चढाला लागलेला भरलेला ट्रक ताशी १५ किलोमीटरने चालला आहे आणि मागून रुग्णवाहिका ताशी ४०ने येते, असे धरू. दोघांमधले अंतर सेकंदाला सुमारे सात मीटरने कमी होते. ट्रकवाल्याला डाव्या अंगाला रुंद जागा शोधायला वीस सेकंद हवेत, म्हणजे सायरन त्याला १४० मीटरवरून समजला पाहिजे. तीन मीटरवर ११८ डेसिबल असलेला आवाज उघड्या मैदानात दर दुप्पट अंतराला सुमारे सहा डेसिबलने उतरतो. १४० मीटरवर तो ८५च्या आसपास उरतो. केबिनच्या पत्र्या-काचांत आणखी वीस गेले, तर ट्रकवाल्याच्या कानाशी ६५. चढावर केबिनमध्ये इंजिनाचाच आवाज ७५-८०च्या घरात असतो. हे सगळे मधे डोंगराची सोंड नाही असे धरून. कशेडीत दोन वळणांमधे सोंड असतेच. जुलैतला पाऊस टपावर कोसळत असेल तर आणखी बोलायलाच नको. घाटातले ट्रकवाले वाट देत नाहीत असे बसल्या जागी म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा करून पाहावा.

दिशेचा गोंधळ घाटात दुप्पट होतो. रस्त्याच्या एका बाजूला कापलेला काळा कातळ, दुसऱ्या बाजूला उघडी दरी. कातळावर आपटून आलेला आवाज समोरून येतोय असे वाटते, आणि गाडी असते मागे, खालच्या वळणावर. चोळईच्या बाजूला उभे राहून ऐकताना हे कितीदा अनुभवाला येते : सायरन महाडच्या दिशेने ऐकू येत राहतो आणि रुग्णवाहिका कशेडी बंगल्याकडून उतरते. इथे दिशेच्या मताला सर्वांत मोठे बळ मिळते. खर्जाच्या मतालाही थोडे मिळते, कारण लांब लहरी सोंडेला वळसा घालून जरा जास्त पुढे जातात. चढे, तिखट स्वर तिथेच अडतात.

शौकिनांच्या आवडीची एक गोष्ट घाटात फिकी पडते. गाडी जवळून जाताना सूर उतरतो तो डॉप्लर परिणाम. ताशी ६०ने सरळ रस्त्यावर जाणाऱ्या गाडीचा सूर सा आणि शुद्ध रे यांमधल्या अंतराहून थोडा कमी उतरतो, तयार कानाला तो लगेच कळतो. घाटात वेग कमी, त्यात प्रतिध्वनी मिसळलेले. त्यामुळे गाडी येते की जाते हे सुरावरून ओळखणे इथे अवघड जाते.

मग आला बोगदा. पोलादपूर तालुक्यातील भोगाव आणि खेड तालुक्यातील कशेडी यांना जोडणाऱ्या, सुमारे दोन किलोमीटरच्या बोगद्याची एक बाजू २०२३च्या गणेशोत्सवाआधी लहान वाहनांसाठी खुली झाली आणि पाऊण तासाचा घाट दहा-पंधरा मिनिटांवर आला. रुग्णाला खेडकडे कळंबणीच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यायचे असो की इकडे महाडला, हा वेळ मोलाचा आहे. सायरनपुढे मात्र बोगद्याने नवीच अडचण उभी केली. बंदिस्त काँक्रीटमध्ये आवाज विरायला वेळ लागतो. येल्पची एक फेरी सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात संपते. आधीच्या फेरीचा घुमारा जिरायच्या आत पुढची येऊन पडते आणि सगळ्याचा एकच गलका होतो. लांब वेल किंवा सावकाश हाय-लो तिथे जास्त स्पष्ट राहायला हवा. दिव्यांची उघडझाप तर बोगद्यात आवाजाहून जास्त उपयोगी, कारण तिथे पुढे-मागे सरळ दिसते. म्हणजे एकच रुग्णवाहिका एकाच फेरीत अशा दोन जागांतून जाते की एकीला चालणारा सूर दुसरीला चालत नाही. सूर बदलायला बटण आहे. पण कुठे कोणते दाबायचे हे चालक आपल्या अंदाजाने ठरवतात.

सायरन वाजवावा का, हाही प्रश्न

गेल्या काही वर्षांत वैद्यकीय अभ्यासकांनी वाद आणखी मागे नेला आहे. सायरनने वेळ किती वाचतो? अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीनव्हिल इथल्या १९९५च्या अभ्यासात सरासरी ४३.५ सेकंद वाचल्याचे दिसले. न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूजमध्ये २०००च्या अभ्यासात पावणेदोन मिनिटे. ‘ॲनल्स ऑफ इमर्जन्सी मेडिसिन’मध्ये २०१९ साली आलेल्या मोठ्या अभ्यासात रुग्णाला घेऊन जाताना होणारे अपघात दर लाख फेऱ्यांमागे सायरन-दिव्यांशिवाय ७ आणि त्यांच्यासह १७.१ निघाले. यावरून काही जण म्हणतात की सायरन अगदी गंभीर रुग्णापुरता ठेवावा.

दुसरी बाजू म्हणते, हे आकडे रुंद रस्त्यांचे आणि वाट देण्याची सवय असलेल्या चालकांचे आहेत. आपल्या घाटात कोंडी झाली तर प्रश्न सेकंदांचा उरत नाही, सायरनशिवाय गाडी जागची हलत नाही. २०१६च्या ऑगस्टमध्ये सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, २०१८च्या जुलैत आंबेनळी घाटात बस कोसळली, २०२१च्या जुलैत महाडला महापूर आला आणि तळिये गावावर दरड कोसळली. त्या त्या वेळी या रस्त्यांवरून रांगेने रुग्णवाहिका गेल्या आहेत. इथल्या माणसाला सायरन बंद ठेवा असे सांगणे सोपे नाही. तरीही रात्री मोकळ्या रस्त्याला, आतला रुग्ण स्थिर असताना, काही चालक सायरन बंद ठेवून फक्त दिवे चालू ठेवतात, आणि ते मला शहाणपणाचे वाटते. सायरन बंद म्हणजे आत प्रेत, हा समज मात्र टाकून द्यायला हवा.

खासगी गाड्यांवर चोरून बसवलेल्या सायरनबद्दल दुमत नाही. प्रत्येक खोटा सायरन पुढच्या खऱ्या सायरनची किंमत कमी करतो.

काय उरले आहे

देशभर एकच सूर हवा की ठिकाणानुसार वेगळा, हे ठरलेले नाही. दिशा सांगणारा आवाज आपल्या पावसात, आपल्या कातळात किती चालतो, हे मोजून पाहायला हवे. बोगद्यांसाठी वेगळी सूचना हवी की नको, हा प्रश्न कशेडीनंतर टाळता येणार नाही, कारण सह्याद्रीत बोगदे वाढतच आहेत. चालकांच्या कानांच्या तपासणीकडे तर या वादात फार थोडे लोक वळतात.

या कामात शौकिनांचा उपयोग होऊ शकतो, आणि मी ते मनापासून म्हणतो. ते नाहीतरी ऐकतातच. सायरन रेकॉर्ड करताना सोबत चार गोष्टी टिपा : जागा, गाडीपासूनचे अंदाजे अंतर, पाऊस-वारा, आणि आवाज आधी कोणत्या दिशेने आल्यासारखा वाटला आणि गाडी खरी कुठून आली. उन्हाळ्यात आणि पावसात, वळणावर आणि बोगद्याच्या तोंडाशी असे टिपण वर्षभर साठले, तर परिवहन खात्यापुढे आणि १०८ सेवेपुढे ठेवण्याजोगा पुरावा तयार होईल. फक्त हे रस्त्याच्या कठड्याबाहेर, सुरक्षित जागी उभे राहून करा. आणि स्वतः गाडी चालवत असाल तर कोणता सूर आहे ते नंतर ओळखा, आधी डावीकडे सरका.